ना राग ठरलेला, ना ताल: नाशिकमध्ये मोकळ्या वादनाचा पहिला कार्यक्रम कसा करावा

गेल्या थंडीत आम्ही चौघांनी गंगापूर रोडवरच्या एका घराच्या हॉलमध्ये पस्तीस माणसांसमोर पाऊण तास वाजवलं. तबला, पेटी, ढोल आणि बासरी. राग ठरला नव्हता, ताल ठरला नव्हता, सुरुवात कोण करणार हेही ठरलं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर चपला घालता घालता तीन-चार जणांनी विचारलं, "आम्हालाही हे करून बघायचंय, सुरुवात कुठून करायची?" तेव्हा उभ्या उभ्या जे सांगितलं ते फार अपुरं होतं. म्हणून सगळं नीट लिहून काढतोय. वाद्य थोडंफार हाताशी आहे, पण अशा प्रकारचं वादन कधी केलेलं नाही, अशा माणसासाठी हे आहे.

आधी हे आहे काय

जगभर याला फ्री इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. आम्ही आपसात नुसतं "मोकळं वाजवणं" म्हणतो. हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "उत्स्फूर्त तर आपलं सगळंच संगीत आहे." खरंच आहे ते. ख्यालातली आलापी, तबल्यातला पेशकार, भजनात ऐन रंगात आल्यावर बुवांनी केलेली ओळीची फोड, यातलं काहीच आधी लिहून ठेवलेलं नसतं. पण त्या सगळ्याला घर असतं. रागाच्या भिंती असतात, तालाचं छप्पर असतं, आणि कितीही लांब गेलात तरी समेला घरी परतायचं हे सगळ्यांना माहीत असतं. मोकळ्या वादनात समच नाही. कुठे भेटायचं ते वाजवता वाजवता शोधायचं.

डेरेक बेली नावाचा इंग्रज गिटारवादक हा फरक फार नेमका करायचा: एक उत्स्फूर्तता एखाद्या शैलीच्या बोलीत होते, आणि दुसरी कुठलीच बोली आधी गृहीत धरत नाही. हे दुसऱ्या प्रकारचं वादन १९६०च्या दशकात युरोपात जोमाने सुरू झालं. लंडनमध्ये १९६५ साली एएमएम हा गट उभा राहिला. त्यातला कीथ रो गिटार मांडीवर न घेता टेबलावर आडवी ठेवायचा आणि हाताला लागेल त्या वस्तूने तिच्यातून आवाज काढायचा. १९६६ साली जॉन स्टीव्हन्स या ड्रमवादकाने स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बल काढलं. त्याचं नाव लक्षात ठेवा, तालमीच्या भागात ते पुन्हा येणार आहे.

"मग काहीही वाजवलं तरी चालतं का?" हा पुढचा प्रश्न. नाही चालत. "काहीही" वाजवणारा तीन मिनिटांत उघडा पडतो, कारण तो कुणाचंच ऐकत नसतो. राग आणि ताल काढून घेतल्यावर चार माणसांना बांधून ठेवायला एकच दोरी उरते, ती म्हणजे एकमेकांचं ऐकणं. पुढे जे जे सांगणार आहे ते सगळं ती दोरी घट्ट करण्यासाठी आहे.

माणसं जमवणं

तिघं किंवा चौघं. दोघं असले की संभाषण सरळ होतं, पण एक अडकला की दुसराही अडकतो. पाचांच्या पुढे नवख्यांचा गलका होतो, आपला आवाज कुठला तेच कळत नाही. चौघांची खुबी अशी की एकटं, दुकटं, तिकटं आणि सगळे मिळून अशा पंधरा वेगवेगळ्या जुळण्या त्यातून निघतात. पाऊण तासाला तेवढं पुष्कळ झालं.

सगळ्यात तयारीचा हात शोधू नका. थांबता येणारा माणूस शोधा. बेलीने १९७६ पासून "कंपनी" नावाने जे मेळे भरवले त्यांत तो मुद्दाम वेगवेगळ्या परंपरांतली, एकमेकांबरोबर फारशी न वाजवलेली माणसं एकत्र आणायचा. आमच्या गटात ते आपोआप झालं. पेटीवर बाई आहेत. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. बासरीवाला अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. ढोल वाजवणारी मुलगी कॉलेजात आहे, ढोलपथकात चार वर्षं वाजवलेली. तबल्यावर मी.

ढोलाचं नाव काढलं की लोक दचकतात. नाशिक ढोल म्हणजे मिरवणूक, म्हणजे छातीत घुमणारा ठोका. पण त्या मुलीने पहिल्याच बैठकीत टिपरू बाजूला ठेवलं आणि तळहाताची कड ढोलाच्या पानावरून नुसती घासत नेली. लांबून पाऊस येताना माळावर जो आवाज होतो, तसा आवाज आला. पेटीचा भाता हलवत बसलेल्या बाई थांबून बघायला लागल्या. "अगं, हे तुला कुणी शिकवलं?" "कुणी नाही बाई. पथकात सगळे चहाला गेले की मी असंच बसायचे." अशी माणसं आपल्या शहरात खूप आहेत. भजनी मंडळात, पथकात, ऑर्केस्ट्रात, क्लासात. आपण एकटे असताना जे करतो त्याला कुणी संगीत म्हणेल असं त्यांना वाटलेलं नसतं. त्यांनाच विचारा.

वाद्यं, भांडी आणि थोडी वायरिंग

नवीन वाद्य विकत घेऊ नका. हातातल्या वाद्याचे न वापरलेले आवाज शोधायला एक आठवडा द्या. तबल्याच्या शाईवर, म्हणजे मधल्या काळ्या गोलावर, ओलं बोट घासलं की कण्हल्यासारखा आवाज येतो. डग्ग्यावर मनगट सरकवून जो घिस्सा काढतो तो ठेक्यातून सुटा काढून सावकाश वाजवला की वेगळंच काही होतं. पेटीची पट्टी न दाबता भाता चालवला की नुसता श्वास ऐकू येतो. सूर खेचायचा खुंटा अर्धाच ओढला की स्वर घुसमटतो. बासरीत फुंकर तिरपी गेली की आधी हवा येते आणि मग, आला तर, सूर. प्रत्येकाने असे दहा आवाज वहीत लिहून आणायचे, हा आमच्याकडे पहिला गृहपाठ असतो.

भांडी मात्र जरूर घ्या, आणि ती घ्यायला नाशिकइतकं चांगलं गाव नाही. भांडी बाजारात सकाळी जा, दुकानांत गर्दी नसते तेव्हा. मी परात मागितली तर दुकानदार काकांनी विचारलं, "किती माणसांचा स्वयंपाक आहे?" म्हटलं, "काका, स्वयंपाक नाही, वाजवायचीय." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या फळीवरून एकेक भांडं काढून तीन बोटांच्या टोकांवर तोलून, दुसऱ्या हाताच्या पेराने टिचकी मारून दाखवायला सुरुवात केली. काशाची वाटी किती वेळ गाते, पितळेची परात आधी खाली आणि मग वर कशी बोलते, तडा गेलेलं भांडं "बद्द" कसं वाजतं. अर्धा तास त्यांनी मला जे ऐकवलं ती माझी या वर्षातली सगळ्यात चांगली शिकवणी होती.

भांडं निवडताना ते टेबलावर ठेवून वाजवू नका, आवाज दबतो. बोटांच्या टोकांवर किंवा दोरीने लटकवून वाजवा. चमच्याऐवजी कापड गुंडाळलेली लाकडी काठी वापरा. काठ दुमडलेला नसेल असं पातळ ताट मिळालं तर व्हायोलिनच्या गजाला राळ लावून काठावरून उभा ओढून बघा. ताट लांब, तीक्ष्ण सुरात गायला लागतं. जर्मलची भांडी स्वस्त आहेत पण त्यांचा आवाज लगेच मरतो. त्या मेलेल्या आवाजाचाही उपयोग होतो, एखादं असू द्या.

विजेचं काही हवं असेल तर कॉन्टॅक्ट माइकने, म्हणजे वस्तूला चिकटवून तिची थरथर पकडणाऱ्या माइकने, सुरुवात करा. पिझो म्हणून पितळी चकती मिळते, सत्तावीस मिलिमीटरची, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत. मधल्या पांढऱ्या भागाला सिग्नलची तार, पितळी कडेला अर्थची तार. डाग देताना सोल्डरिंगची इस्त्री पटकन उचला, उष्णतेने पांढरा थर खराब होतो. वर इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर घरघर येते. ही तार गिटारच्या अॅम्प्लिफायरला लावायची. साध्या मिक्सरच्या लाइन इनपुटला लावली तर आवाज पातळ आणि किरटा येतो. चकती पेटीच्या लाकडाला चिकटवली की भात्याचं कुरकुरणं, पट्ट्यांखालच्या स्प्रिंगांची टकटक, एरवी न ऐकू येणारं सगळं बाहेर येतं. व्हॉल्यूम शून्यावरून हळूहळू वर न्या. पिझो आणि स्पीकर जवळ असले की शिट्टी घुमते, आणि ती कानाला खरंच इजा करू शकते.

तालीम, म्हणजे ऐकायचा सराव

"ठरलेलं काही नाही तर तालीम कसली?" असं आमच्या घरीही विचारलं गेलं. क्रिकेटमध्ये पुढचा चेंडू कुठला येणार हे ठरलेलं नसतं म्हणून नेट्स कुणी सोडत नाही. कार्यक्रमाआधी किमान सहा बैठका करा, प्रत्येकी दोन तासांच्या.

पहिली बैठक वाद्यांशिवाय. पहाटे साडेपाचला रामकुंडावर जा. चौघांनी एकमेकांपासून लांब बसायचं, अर्धा तास, मोबाइल बंद. जे ऐकू येईल ते क्रमाने लिहायचं. कपडे धुणाऱ्या बायकांचे धपके, कबुतरं एकदम उडाल्याचा फडफडाट, पायऱ्यांवर चपलांचा आवाज, कुठलीतरी घंटा. नारोशंकराच्या देवळावर वसईच्या विजयानंतर आणलेली ती मोठी घंटा टांगलेली आहे. ती आज वाजत नसली तरी तिच्याकडे बघून घंटेनंतरच्या गुंजेचा विचार करत बसायला हरकत नाही. मग चहा घेता घेता चारही वह्या वाचायच्या. आम्ही वाचल्या तेव्हा चौघांच्या यादीत मिळून सारखे असे फक्त पाच-सहा आवाज निघाले. एकाच घाटावर, एकाच वेळी बसून. सगळ्यांना सारखंच ऐकू येतं हा समज त्या सकाळी गेला तो गेलाच.

दुसऱ्या बैठकीपासून जॉन स्टीव्हन्सचे दोन सराव. त्याने ते सगळ्यांसाठी, अगदी नवशिक्यांसाठीही, बांधले होते आणि साठ वर्षांनीही यांच्याइतकं कामाचं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

पहिला ठिपक्यांचा. प्रत्येकाने आपल्या वाद्यातून निघेल तेवढा छोटा आवाज काढायचा. टिक्. इतका छोटा की त्याला शेपूट नको. ताल धरायचा नाही, एकमेकांची नक्कल करायची नाही, आपले ठिपके टाकत राहायचे आणि सगळ्यांचे मिळून जे चित्र होतंय ते ऐकायचं. पहिली दोन मिनिटं फार अवघड जातात. तबलावाल्याचा हात आपोआप मात्रा मोजायला लागतो. माझा लागलाच. बाई म्हणाल्या, "अरे, तू मनात तीनताल म्हणतोयस, इथपर्यंत ऐकू येतंय." पाचव्या मिनिटाच्या सुमाराला मोजणं सुटलं. मग पत्र्यावर पागोळ्या पडाव्यात तसे आवाज पडायला लागले, कुणाचा कुठला हे सांगता येईना. तो अनुभव आल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक बैठक त्यातच गेली तरी चालेल.

दुसरा श्वासाचा. एक दीर्घ श्वास, आणि तो संपेपर्यंत एकच स्वर, जमेल तितका हळू. मग पुन्हा श्वास. पेटीवाल्याने भात्याच्या लांबीचा, ढोलवाल्याने घासण्याचा, तबलावाल्याने मुळात श्वास नसलेल्या वाद्यातून श्वास काढायचा प्रयत्न. दुसऱ्याच्या स्वराशी जुळवायची गरज नाही. दोन स्वर जवळजवळ पण तंतोतंत नसतील तर मध्ये जी थरथर ऐकू येते, ती तानपुरा लावताना आपण घालवायला बघतो. इथे ती ठेवायची, तिच्यात थोडा वेळ राहायचं.

स्टीव्हन्सचं एक म्हणणं आम्ही तालमीच्या खोलीत कागदावर लिहून लावलंय: दुसरा ऐकू येत नसेल तर तुम्ही जास्त मोठ्याने वाजवताय. आमच्याकडे याची कसोटी ढोलावर होते. बासरीची नुसती हवेची फुंकर ढोल वाजताना ऐकू आली पाहिजे. ढोलावर घडी घातलेली चादर टाकून बघा, बोटांच्या पेरांनी वाजवून बघा. त्या मुलीला सगळ्यात जास्त मेहनत इथे लागली, कारण पथकात तिला चार वर्षं नेमकं याच्या उलट शिकवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "दादा, हळू वाजवताना हात जास्त दुखतात." दुखतात खरेच, आवरून धरलेला हात लवकर थकतो.

त्यानंतर पाच-पाच मिनिटांचे तुकडे. मोबाइलवर टायमर, आणि त्या पंधरा जुळण्यांतली एकेक चिठ्ठी काढून. ज्याची चिठ्ठी नाही त्याने नुसतं ऐकायचं. तुकडा संपला की बोलायचं, पण नियमाने: प्रत्येकाने आपण ऐकलेली एक गोष्ट सांगायची. "मस्त झालं", "जमलं नाही" हे शब्द बंद. "तू परात खाली ठेवलीस तेव्हा बासरी थांबली" असं सांगायचं. आवडनिवड बोलायला लागलो की पुढच्या तुकड्यात प्रत्येक जण दुसऱ्याला आवडेल ते वाजवतो, आणि मग सगळं गुळमुळीत होतं.

जागा आणि वेळ

कालिदास कलामंदिरासारखी मोठी नाट्यगृहं या कामाला नकोत. तिथे परातीवरची टिचकी तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचणार नाही, आणि माइक लावला की चौघांनी तालमीत जमवलेला तोल साउंडवाल्याच्या हातात जातो. तीस ते पन्नास माणसांची खोली बघा. कुसुमाग्रज स्मारक, १८४० पासून चालू असलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय अशा ठिकाणी कार्यक्रमांचा राबता असतो, चौकशी करायला हरकत नाही. पण पहिला प्रयोग कुणाच्या तरी घरी करावा हे माझं ठाम मत आहे. जुन्या नाशकात वाड्याची ओसरी मिळाली तर सोनं.

जागा बघायला दिवसा जाऊ नका, कार्यक्रमाच्याच वेळी जा. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा आणि शेपूट ऐका. अमेरिकेत पॉलिन ऑलिव्हेरोस ही अकॉर्डियन वाजवणारी संगीतकार आणि तिच्या साथीदारांनी १९८८ साली जमिनीखालच्या पाण्याच्या रिकाम्या टाकीत वादन केलं, तिथे आवाज पंचेचाळीस सेकंद घुमायचा. त्या जागेला त्यांनी गटातला आणखी एक वादकच मानलं. आपल्याला तशी टाकी नको, पण आपल्या खोलीचा स्वभाव कळायला हवा. फरशी आणि उघड्या भिंती असल्या तर ठिपके एकमेकांत मिसळतात. सतरंज्या, गाद्या, माणसं आली की खोली कोरडी होते.

पंखा हा आपला मोठा शत्रू. छताचा पंखा चालू असताना अर्धे आवाज मरतात आणि बंद केला तर लोक घामाघूम होतात. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हाच आपला हंगाम. पारा दहाच्या खाली जातो, पंख्याची आठवणही कुणाला येत नाही, आणि लोक शाली पांघरून शांत बसतात. थंडीत बासरी थोडी उतरते आणि फुंकून गरम झाली की चढते, एवढं लक्षात असू द्या. पावसाळ्यात तबल्याची पुडी सैल पडते आणि पत्र्यावरचा पाऊस तुमच्याआधी मैफल जिंकतो. गणपती आणि नवरात्राच्या दिवसांचा तर विचारच नको.

लग्नाच्या तिथी पंचांगात बघूनच तारीख काढा. आम्ही एकदा एक छोटं सभागृह घेतलं होतं. शेजारी लॉन्स आहे हे दिसत होतं, पण त्या दिवशी मुहूर्त आहे का ते आम्ही विचारलं नाही. बरोबर आठ वाजता भिंतीतून डीजेचा ठोका सुरू झाला. वीस मिनिटं आम्ही त्याच्याशी झगडलो, मग थांबलो, लोकांची माफी मागितली आणि सगळे मिळून चहा प्यायला गेलो. आता तारीख ठरवायच्या आधी मी शेजारच्या प्रत्येक लॉन्सला फोन करतो.

मांडणी

स्टेज नको. जमिनीवर, वादकांचा अर्धगोल, प्रत्येकाला दुसऱ्याचे हात दिसतील असा. श्रोते तीन बाजूंनी, सतरंजीवर, मागे ज्येष्ठांसाठी खुर्च्या. ढोल भिंतीपासून लांब, बासरी श्रोत्यांच्या सगळ्यात जवळ. भांडी हाताच्या अंतरावर आणि जाड कापडावर, उचलताना खणखणाट झाला तर तोही संगीतात जमा होतो. दोन पिवळे दिवे पुरतात. ट्यूबलाइट गुणगुणत असेल तर बंद करा.

श्रोत्यांना काय सांगावं

दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. जे ऐकणार आहेत त्याचा अर्थ सांगत बसू नका. मी साधारण असं म्हणतो: "नमस्कार. आज आम्ही काय वाजवणार आहोत ते आम्हालाही ठाऊक नाही. राग, ताल शोधायला गेलात तर दमाल. त्याऐवजी एखादा आवाज धरा आणि तो कुठे जातो ते बघा. पाऊण तास आहे. मधूनच शांतता झाली तर कार्यक्रम संपला असं समजू नका."

दादेचं काय, हा प्रश्न आपल्याकडेच येतो. आपला श्रोता समेची वाट बघत बसलेला असतो, हात उचलायला तयार. इथे सम येतच नाही. पहिल्यांदा मी लोकांना सांगितलं होतं की मध्ये दाद देऊ नका, आणि खोली इतकी आखडली की कुणी खोकायला धजेना. आता सांगतो की मनातून "वा" आलं तर म्हणा, आम्ही तेही ऐकू. फक्त मांडीवर ताल धरू नका, कारण एकाने धरला की शेजारचा धरतो आणि आम्ही त्यात ओढले जातो. लहान मुलं आली तर येऊ द्या, त्यांना पुढे बसवा. ती मोठ्यांपेक्षा लवकर ऐकायला लागतात.

प्रत्यक्ष वाजवताना

सुरुवात शांततेने करा. सगळे बसले की अर्धा-एक मिनिट काहीच नाही. खोलीचे स्वतःचे आवाज वर येतात, आणि त्यातल्याच एखाद्याला धरून कुणीतरी सुरू होतं.

मग काय करायचं? मोजून चार गोष्टी हातात असतात: दुसऱ्याबरोबर जाणं, त्याच्या विरुद्ध जाणं, आपलं वेगळं काही धरून ठेवणं, आणि थांबणं. नवखा माणूस पहिली एकच करतो. बासरीने वरचा सूर घेतला की तबलाही वर, पेटीही वर, आणि दोन मिनिटांत सगळे एकाच फांदीवर. बासरी वर गेली असताना डग्ग्याचा एक खोल घिस्सा दहा सेकंदांनी, पुन्हा दहा सेकंदांनी, एवढंच करून बघा. बासरीला एकदम जागा मिळते.

सगळ्यात महत्त्वाची चौथी गोष्ट. आमच्या पहिल्या कार्यक्रमात बाराव्या मिनिटाला सगळे एकाच वेळी थांबले. फार सुंदर शांतता होती ती, आता रेकॉर्डिंगमध्ये ऐकताना कळतं. त्या क्षणी मात्र मी घाबरलो. पस्तीस माणसं बघतायत आणि काहीच चाललेलं नाही, हे सहन झालं नाही आणि हाताने केरव्याचा ठेका धरला. केरव्याला नाही म्हणणं कुणालाच जमत नाही. ढोल आला, पेटीने लेहरा, म्हणजे ठेक्याबरोबर फिरत राहणारी धून, धरला, श्रोत्यांनी टाळ्या धरल्या. लोक खूश होते. आठ मिनिटं आम्ही त्यातून बाहेर पडू शकलो नाही, कारण ठेका तुम्हाला पुढचं सगळं सांगून मोकळा होतो, एकमेकांचं ऐकायची गरजच उरत नाही. घरी जाताना रिक्षात बाई फक्त एवढंच म्हणाल्या, "शांतता तुझ्या एकट्याची नव्हती रे, आमचीही होती." तेव्हापासून मी वाजवताना एक बोट अंगठीवर ठेवतो. शांतता झाली की ती अंगठी तीनदा फिरवायची आणि मगच हात उचलायचा. तुम्ही तुमची युक्ती शोधा, पण काहीतरी हवंच.

ठेका, ओळखीची धून, रागाची सावली हे आलं तर गुन्हा नाही. येऊ द्या, ओळखा, आणि जाऊ द्या.

शेवट ठरवून येत नाही. साधारण चाळिसाव्या मिनिटानंतर मधूनमधून शेवट होऊ शकतील अशा जागा येतात: आवाज पातळ होतात, दोघं आधीच थांबलेले असतात, तिसऱ्याचं संपत आलेलं असतं. अशा जागी नवं काही काढायचा मोह होतो. काढू नका. संपल्यावरही हात वाद्यावरून लगेच उचलू नका. चौघांपैकी जो सगळ्यात शेवटी हात मांडीवर ठेवेल, तिथे संपलं. लोकांना ते बरोबर कळतं.

पैसे आणि रेकॉर्डिंग

दारात डबा ठेवा, तिकीट नको. घर ज्याचं त्याला चहा-पोह्यांचा खर्च आधी द्या, उरलं ते चौघांत सारखं. रेकॉर्डिंगला हातात मावेल असा रेकॉर्डर अर्धगोलाच्या समोर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. मोबाइलनेही चालतं, पण फ्लाइट मोडवर टाका. व्हिडिओ करू नका, निदान पहिल्यांदा. कॅमेरा दिसला की हात दाखवायला लागतो.

रेकॉर्डिंग लगेच ऐकू नका. दोन आठवडे थांबा, कोण कुठे बसलं होतं आणि कुणाचं काय बिघडलं हे विसरून जाऊ द्या. मग चौघांनी एकत्र बसून, वहीत मिनिटं लिहित ऐका. गेल्या थंडीतल्या रेकॉर्डिंगमध्ये एकोणतिसाव्या मिनिटाला ढोल थांबलेला आहे, माझा हात शाईवर आहे, आणि खाली रस्त्यावर वॉचमनकाकांची शिट्टी वाजते. आमच्यापैकी कुणी ती तेव्हा ऐकल्याचं आठवत नाही. पण बासरी बरोबर त्याच्यानंतर, तशाच दोन तुटक फुंकरींनी सुरू होते, आणि बाईंचा भाता त्यांच्या मागून हलकेच उघडतो. त्या जागेवर मी पेन्सिलने फुली केली आहे. पुढच्या रविवारच्या तालमीत आधी तीच दोन मिनिटं ऐकणार, आणि मग टायमर लावणार.